खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयातील टाकीचे आकारमान आणि माशांचे स्वास्थ्य

समुद्रातील मासे घरी पाळू इच्छिणारा मनुष्य जो पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा असा असतो: अमुक लिटरच्या टाकीत किती मासे राहू शकतील? उत्तर एखाद्या आकड्यात मिळावे अशी त्याची अपेक्षा असते. आणि गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांसाठी तसा आकडा फार दिवसांपासून प्रचारात आहेही. दर गॅलन पाण्यामागे एक इंच लांबीचा मासा, असा तो नियम होय. खाऱ्या पाण्याला हाच नियम कडक करून लावावा, म्हणजे इंचामागे दोन, चार किंवा पाच गॅलन पाणी द्यावे, असे पुढे सुचविण्यात आले. परंतु नियम कडक केल्याने त्यातील मूळ दोष नाहीसा होत नाही. टाकीचे आकारमान ही एक राशी नव्हे. तीत पाण्याचे घनफळ येते, हवेशी भिडणारा पृष्ठभाग येतो, खोली येते, माशाला एका दिशेने सलग पोहता येईल अशी लांबी येते आणि तळावरील व खडकांमधील वसतियोग्य जागाही येते. या निरनिराळ्या राशी माशाच्या जीवनावर निरनिराळ्या मार्गांनी परिणाम करतात. लिटर हे माप त्यांपैकी पहिलीचेच आहे, आणि माशाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची असते असे नाही.

इंच-गॅलनच्या नियमातील गणिती दोष प्रथम पाहणे इष्ट होईल. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन सुमारे आठपट होते. ५ सेंमी. लांबीचे चार मासे आणि २० सेंमी. लांबीचा एक मासा यांची एकूण लांबी सारखीच. परंतु शरीराची ठेवण सारखी धरल्यास त्या एका माशाचे वजन चौघांच्या एकत्रित वजनाच्या सोळापट भरेल. चयापचयाचा वेग वजनाच्या सरळ प्रमाणात न वाढता त्याच्या सुमारे ०.८ व्या घाताच्या प्रमाणात वाढतो, ही सवलत हिशेबात घेतली तरी मोठा मासा चार लहानांच्या सुमारे सातपट प्राणवायू घेईल. शिवाय दुकानातून ५ सेंमी.चा म्हणून आणलेला मासाच पुष्कळदा पुढे २० सेंमी.चा होणार असतो. नियम त्याविषयी काहीच बोलत नाही.

समुद्राच्या पाण्यात या दोषाचे परिणाम अधिक तीव्र होतात. २५° से. तापमानास हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिग्रॅ. प्राणवायू विरघळलेला असतो. दर हजारी ३५ लवणतेच्या समुद्रजलात तो सुमारे ६.८ मिग्रॅ. एवढाच असतो आणि ३०° से. ला तर सुमारे ६.२ मिग्रॅ. पर्यंत उतरतो. दुसरी गोष्ट अमोनियाची. मासे आपले नत्रयुक्त त्याज्य द्रव्य मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत वावरतो: एक विद्युत्भारित अमोनियम आयन, जो तुलनेने निरुपद्रवी आहे, आणि दुसरा भाररहित अमोनिया, जो कल्ल्यांच्या पटलातून सहज आत शिरतो व विषारी ठरतो. पीएच मूल्य ७ असलेल्या पाण्यात या विषारी रूपाचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो, समुद्रजलाच्या ८.२ या पीएच मूल्यास तो दहापटींहून अधिक होतो. गोड्या पाण्यातील मासा ज्या चुकीतून सुटतो, तीच चूक समुद्रातील माशाला भोवते, याचे एक कारण हे आहे.

तिसरी गोष्ट लवणतेची. समुद्रातील अस्थिमत्स्याच्या रक्ताची क्षारसंहती सभोवतालच्या पाण्याच्या सुमारे एक-तृतीयांश असते. त्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर झिरपत राहते. ते भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि त्याबरोबर आत आलेला जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर फेकतो. पाणी पिण्याची ही क्रिया होमर स्मिथ यांनी १९३० साली दाखवून दिली आणि कीज व विल्मर यांनी १९३२ साली कल्ल्यांतील क्षारविसर्जक पेशींचे वर्णन केले. हे काम अहोरात्र चालते व त्यास ऊर्जा लागते. लवणता वारंवार वर-खाली होऊ लागली की हा खर्च वाढतो. खाडीत राहणाऱ्या माशांना अशा चढ-उतारांची सवय असते. प्रवाळभित्तीवरील माशांना सामान्यतः ती नसते, आणि घरगुती मत्स्यालयात येणारे समुद्री मासे बहुतेक प्रवाळभित्तीवरचेच असतात.

काचपात्रात समुद्र टिकवून धरण्याच्या पहिल्या प्रयत्नांत मुख्य चिंता हवेची होती. ॲना थिन या इंग्रज बाईंनी १८४६ साली टॉर्की येथून लंडनला प्रवाळ आणले. ते जगावेत म्हणून भांड्यातील पाणी उघड्या खिडकीशी एका पात्रातून दुसऱ्या पात्रात ओतण्याचे काम त्यांनी मोलकरणीकडे सोपविले होते. वनस्पती व प्राणी एकमेकांच्या वायूंची गरज भागवतात हे तत्त्व रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली प्रयोगाने मांडले, आणि फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ सालच्या ग्रंथामुळे हा छंद घरोघर पोहोचला. अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंचा उलगडा व्हिनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास केला. परंतु मत्स्यालयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व ओळखले जाण्यास बराच काळ लागला. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली समुद्रातून आणलेले सजीव खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावरच मत्स्यालय चालविण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामागील मर्म असे की, शुद्धीकरण करणारे जीवाणू खडकांच्या व वाळूच्या पृष्ठभागांवर वस्ती करून राहतात; मोकळ्या पाण्यात त्यांची संख्या नगण्य असते. म्हणून नुसते पाणी वाढविल्याने शुद्धीकरणाची शक्ती वाढत नाही.

तर मग घनफळाने साधते काय? दोन टाक्यांची तुलना केली असता ते स्पष्ट होते. पहिली टाकी ६० सेंमी. लांब, ३० सेंमी. रुंद व ३० सेंमी. खोल, तिच्यात ५४ लिटर पाणी मावते. दुसरी प्रत्येक बाजूने दुप्पट. तिच्यात ४३२ लिटर मावते. (खडक आणि वाळू काही जागा व्यापतात, हिशेबाच्या सोयीसाठी ती सोडून दिली आहे.) दोन्ही टाक्यांत चुकून एक ग्रॅम कोरडे अन्न जास्त पडले असे समजावे. त्यात ४५ टक्के प्रथिने असतील तर सुमारे ७२ मिग्रॅ. नत्र येते. त्यापैकी निम्मे जरी अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरले, आणि जीवाणू तेवढ्यात ते खाऊन टाकू शकले नाहीत, तर लहान टाकीत लिटरमागे सुमारे ०.६७ मिग्रॅ. आणि मोठीत ०.०८ मिग्रॅ. इतकी भर पडेल. खडकामागे मरून पडलेल्या माशाच्या बाबतीत हेच घडते, फक्त अधिक मोठ्या प्रमाणावर. लहान टाकीत मालकाला दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात. मोठ्या टाकीत त्याला चूक शोधण्यास दोन-तीन दिवस मिळू शकतात. घनफळामुळे मिळतो तो हा अवधी.

परंतु हा अवधी प्रत्येक बाबतीत आठपट असतो असे मात्र नव्हे. उष्णता टाकीच्या पृष्ठभागातून आत-बाहेर जाते. दुसऱ्या टाकीचे घनफळ आठपट असले तरी तिचा एकूण पृष्ठभाग चौपटच आहे. म्हणून ती थंड किंवा गरम होण्यास लागणारा वेळ सुमारे दुप्पट होईल, आठपट होणार नाही. बाष्पीभवनाचा हिशेब तर याहून वेगळा आहे. दिवसाला ५ मिमी. पाणी उडते असे धरल्यास चार दिवसांत २० मिमी. पातळी उतरेल. ३० सेंमी. खोलीच्या टाकीत त्यामुळे लवणता दर हजारी ३५ वरून ३७.५ वर जाईल, ६० सेंमी. खोलीच्या टाकीत ३६.२ वर. येथे फरक पडला तो केवळ खोलीमुळे. १८० सेंमी. लांब, ८० सेंमी. रुंद व ३० सेंमी. खोल अशी टाकी घेतली तर तिच्यातही ४३२ लिटरच पाणी मावते, पण तिची लवणता त्या लहानशा ५४ लिटरच्या टाकीप्रमाणेच ३७.५ वर जाईल.

यावरून खोल टाकी उत्तम असा निष्कर्ष काढावा, तर प्राणवायू आड येतो. उथळ टाकीत लिटरमागे सुमारे ३३ चौ.सेंमी. पृष्ठभाग हवेशी लागून असतो; ६० सेंमी. खोलीच्या टाकीत तो निम्मा होतो. पंपाने पाणी ढवळले जात आहे तोवर ही उणीव जाणवत नाही. वीज गेली आणि पाणी स्थिर झाले की, लिटरमागे मासे सारखेच असतील तर, खोल टाकीतील मासे आधी संकटात येतात. उन्हाळ्याच्या रात्री, पाणी ३० अंशांवर असताना, तर फारच लवकर. ज्या गावांत भारनियमन नित्याचे आहे तेथे बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप शंभर लिटर जादा पाण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

‘लिटरमागे मासे सारखेच’ हे शब्द येथे जाणीवपूर्वक वापरले आहेत. मोठ्या टाकीचा सर्व रासायनिक लाभ ती अर्धवट मोकळी ठेवण्यात आहे. टाकी आठपट झाली म्हणून माशांचा भारही आठपट केला, तर प्रत्येक लिटरवरील ताण पूर्वीइतकाच राहतो आणि मिळालेला अवधी जवळजवळ सर्व खर्च होतो. प्रत्यक्षात नेमके हेच घडताना दिसते. मोठी टाकी घेणारा मनुष्य बहुधा ती भरण्यासाठीच घेतो.

येथवरचा विचार पाण्याचा झाला. मासा पाण्यात राहतो हे खरे. परंतु तो एका विशिष्ट जागेत, शेजाऱ्यांच्या सहवासात व विशिष्ट उद्योगांत राहतो. पाण्याचे सर्व आकडे निर्दोष असूनही त्याचे जीवन दुःसह असू शकते. या दृष्टीने दोन लोकप्रिय माशांची तुलना उद्बोधक आहे.

हवाई बेटांभोवती विपुल आढळणारा पिवळा सर्जन मासा, झेब्रासोमा फ्लॅव्हेसेन्स, २० सेंमी. पर्यंत वाढतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या धारदार काट्यामुळे या कुलास सर्जन हे नाव पडले. छातीजवळचे पर वल्ह्यांसारखे मारीत तो दिवसभर खडकांवरील शैवाल खुरडत हिंडतो, आणि संध्याकाळी चरण्याच्या जागेपासून झोपण्याच्या जागेपर्यंत काही शे मीटरांचा प्रवास करतो. १२० सेंमी. लांबीची टाकी म्हणजे त्याच्या शरीराच्या सहा लांबी. त्याचाच कुलबंधू निळा सर्जन मासा, पॅराकँथुरस हेपॅटस, ३० सेंमी. पर्यंत जातो, त्याला तीच टाकी चार लांबींची पडते. दुकानात मात्र तो चार-पाच सेंमी.चा असताना मिळतो, आणि त्या वयात ६० सेंमी.ची टाकीही त्याला ऐसपैस वाटावी अशी दिसते. याउलट क्लाउन फिश या नावाने विकला जाणारा विदूषक मासा, अँफिप्रिऑन पर्क्युला, निसर्गातही आपल्या समुद्रपुष्पापासून काही मीटरांच्या पलीकडे क्वचितच जातो. त्याचे सारे प्रौढ आयुष्य त्या एका आश्रयाभोवती जाते. शंभर लिटरच्या टाकीतील विदूषक माशांची जोडी निसर्गातील आपल्या जातभाईंच्या तुलनेने थोडेच गमावते; तेवढ्याच टाकीतील सर्जन मासा जवळजवळ सर्वच गमावतो. दोन्ही माशांची लांबी खरेदीच्या दिवशी सारखी असू शकते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

विदूषक माशांच्या संदर्भात आणखी एका समजुतीचा परामर्श घेणे आवश्यक आहे. मासा टाकीच्या मापाने वाढतो, म्हणून लहान टाकीत मोठ्या जातीचा मासा ठेवल्यास तो आपोआप लहान राहील, असे पुष्कळांना वाटते. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतील पर्क्युला माशांवर केलेल्या व २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुय्यम मासे आपली वाढ खरोखरच आवरतात असे आढळले. एका समुद्रपुष्पावर सर्वांत मोठी मादी, तिच्याखालोखाल नर आणि मग क्रमाने लहान होत जाणारे अप्रजननक्षम मासे असतात. प्रत्येक मासा वरच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात लहान राहतो, आणि वरची जागा रिकामी झाली की वाढू लागतो. परंतु या संयमाचे कारण सामाजिक आहे. मोठ्या माशाने हाकलून लावू नये यासाठी तो असतो. भांड्याच्या भिंतींशी त्याचा संबंध नाही. लहान टाकीत सर्जन मासा खुंटतो तो बहुधा निकृष्ट पाणी, अपुरे अन्न आणि सततचा ताण यांमुळे. अशी खुंटलेली वाढ ही रोगाची खूण समजावयास हवी; तिला जुळवून घेणे म्हणता येत नाही. शरीर खुंटते पण आतील इंद्रिये वाढतच राहतात, ही याच समजुतीची दुसरी बाजू. तिलाही आधार नाही.

भांडखोरपणा हा या विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग होय. कोन्राड लॉरेन्झ यांनी आपल्या १९६३ सालच्या आक्रमकतेवरील ग्रंथाचा आरंभच प्रवाळभित्तीवरील माशांपासून केला आहे. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आणि आपल्या टाक्यांत त्यांना असे दिसले की, हे मासे इतर जातींपेक्षा स्वतःच्या जातीच्या माशांवर कितीतरी अधिक वेळा तुटून पडतात. हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. आपली शैवालाची शेते राखणारे डॅमसेल मासे शैवाल खाणाऱ्या परक्या जातींनाही तितक्याच निकराने हाकलतात, आणि दहा सेंमी.चा डॅमसेल त्याच्या दुप्पट माशाला जेरीस आणू शकतो. परंतु लॉरेन्झ यांच्या निरीक्षणातील गाभा टाकीच्या प्रश्नाला थेट भिडतो. समुद्रात हरलेला मासा चार-दोन मीटर दूर पळाला की भांडण संपते, कारण तो विजेत्याच्या हद्दीबाहेर गेलेला असतो. टाकीत तो पळतो, काचेला थडकतो आणि वळून पुन्हा विजेत्याच्या समोरच येतो. विजेत्याच्या दृष्टीने घुसखोर अद्याप गेलेलाच नसतो. निसर्गात काही क्षणांत आटोपणारी धमकी येथे दिवसेंदिवस चालते, आणि शेवटी एखाद्या कोपऱ्यात पर फाटलेला मासा अन्नाला न येता उभा राहिलेला दिसतो.

म्हणून टाकी किती लिटरची, यापेक्षा तीत एका माशाला दुसऱ्याच्या नजरेआड होण्याजोग्या जागा किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. रोनल्ड ओल्डफील्ड यांनी २०११ साली मायडस सिक्लिड या गोड्या पाण्यातील आक्रमक माशावर केलेले निरीक्षण येथे उपयोगी आहे. लहान टाक्यांमधील थोड्याथोडक्या फरकाने आक्रमकता कमी झाली नाही. पुष्कळ मोठी आणि आडोशांनी युक्त अशी जागा मिळाली तेव्हा मात्र ती घटली. जात वेगळी व पाणी गोडे असल्याने हा निष्कर्ष प्रवाळमाशांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि, पन्नास लिटरऐवजी ऐंशी लिटरची टाकी घेतली म्हणजे भांडणे मिटतील अशी आशा बाळगणाऱ्यांनी तो विचारात घ्यावा. काही छांदिष्ट याउलट टाकीत मासे मुद्दाम दाटीवाटीने ठेवतात, म्हणजे कोणालाच हद्द आखता येत नाही. युक्ती कधीकधी लागू पडते. परंतु तिच्यामुळे पाण्यावरील भार वाढतो तो वेगळाच, आणि कलह दिसेनासा होणे म्हणजे ताण नाहीसा होणे नव्हे.

लहान मासा म्हणजे लहान टाकी हे समीकरणही दर वेळी जुळत नाही. मँडरिन मासा, सिंकिरोपस स्प्लेन्डिडस, सहा-सात सेंमी.चा असतो आणि जवळजवळ कोणाशी भांडत नाही. परंतु तो दिवसभर खडकांवरील कोपेपॉडांसारखे सूक्ष्म कवचधारी जीव एकेक करून टिपत राहतो, आणि पुष्कळदा दुसरे अन्न स्वीकारीत नाही. ते जीव पुरेशा संख्येने निपजत राहतील एवढा जुना, मुरलेला खडक लहान टाकीत मावत नाही. तेथे तो काही आठवड्यांत सर्व चट्टामट्टा करतो आणि मग स्वच्छ, निर्मळ पाण्यात उपासमारीने झिजतो. उलट केवळ प्रवाळांचे जिवंत कीटक खाऊन राहणारे काही फुलपाखरू मासे हजार लिटरच्या टाकीतही तितकेच उपाशी मरतात. त्यांना योग्य अशी घरगुती टाकीच नाही.

टाकी लहान असल्याचा दोष जेथे नाही तेथेही तो लावला जातो, हेही नमूद केले पाहिजे. सर्जन माशांच्या डोक्यावर व पार्श्वरेखेवर खळगे पडून त्वचा झिजण्याचा एक विकार मत्स्यालयांत फार आढळतो. तो अपुऱ्या जागेमुळे होतो असे दीर्घकाळ मानले जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पाणी स्वच्छ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सक्रियित कोळशाच्या संपर्कात हा विकार निरोगी सर्जन माशांत उत्पन्न करता आला. इतर कारणे संपूर्णतः नाकारली गेलेली नाहीत. परंतु मोठ्या टाकीत हलविल्यावर बरा झालेला मासा जागेमुळे बरा झाला की जुना कोळसा मागे राहिल्यामुळे, हे आता पूर्वीइतके निःशंकपणे सांगता येत नाही.

मासा जिवंत आहे आणि खातो आहे, एवढ्यावरून तो स्वस्थ आहे असे मानण्याचा प्रघात सोडावयास हवा. पर्क्युला जातीच्या मादीचे आयुष्य निसर्गात तीस वर्षांपर्यंत असावे असा अंदाज बस्टन व गार्सिया यांनी २००७ साली वर्तविला. पिवळ्या सर्जन माशाच्या कर्णाश्मांवरील वलयांवरून ४१ वर्षांचे वय नोंदले गेले आहे. घरातील टाकीत दोन वर्षे जगलेला सर्जन मासा यशाचे उदाहरण म्हणून दाखविला जातो, तेव्हा हे आकडे समोर असावेत. त्यातही यांतील बहुसंख्य मासे समुद्रातून पकडून आणलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या केंद्राने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात शोभेच्या समुद्री माशांचा जागतिक व्यापार वर्षाला दोन ते अडीच कोटी मासे इतका अंदाजिला होता. बंदिस्त पैदाशीत त्यानंतर पुष्कळ प्रगती झाली: पिवळा सर्जन मासा २०१५ साली हवाईत आणि निळा २०१६ साली फ्लॉरिडात प्रथम वाढविला गेला, आणि विदूषक माशांच्या काही जातींची पैदास भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केली. तरीही अपुऱ्या टाकीत मेलेल्या माशाच्या जागी येणारा दुसरा मासा अद्याप पुष्कळदा एखाद्या प्रवाळभित्तीवरूनच येतो.

महाराष्ट्रात हा छंद बहुतांशी शहरांतील सदनिकांत चालतो, आणि तेथे मोठ्या टाकीला मर्यादा पडते ती इमारतीची. ४३२ लिटर समुद्रजलाचे वजन सुमारे ४४३ किलोग्रॅम भरते. काच, खडक व मांडणी धरून ते अर्ध्या टनाच्या पुढे जाते. निवासी खोल्यांच्या जमिनीवरील भार भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोग्रॅम धरतात. ६० सेंमी. खोल पाणीच आपल्या तळावर चौरस मीटरला ६१५ किलोग्रॅम भार टाकते. मानकातील भार संपूर्ण खोलीभर पसरलेला धरलेला असल्याने लगेच धोका संभवतो असे नाही; तरी अशी टाकी तुळईलगत, भिंतीशी ठेवावी आणि जुन्या चाळीत अभियंत्यास विचारल्याशिवाय ठेवू नये. दुसरी मर्यादा कायद्याची. खडक-प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोड्यांचे संपूर्ण कुल २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. परदेशी पुस्तकांतील टाक्यांत दिसणारे प्रवाळांचे आडोसे त्यामुळे येथे वापरता येत नाहीत. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे, नळ्या किंवा साच्यात ओतून चांगले मुरविलेले सिमेंटचे ठोकळे यांची रचना करून नजरेआड होण्याच्या जागा निर्माण कराव्या लागतात, आणि जीवाणूंना व माशांना त्या चालतात.

पदव्युत्तर प्रयोगशाळेच्या आवाक्यातील एक प्रश्न या विवेचनातून पुढे येतो. ओहोटीच्या वेळी कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर उरणाऱ्या डबक्यांत बॅथिगोबियस वंशाचे लहान गोबी मासे राहतात. ही डबकी दुपारी तापतात, पावसाने गोडसर होतात; म्हणून पाण्यातील चढ-उतार सोसण्याची शक्ती या माशांत प्रवाळमाशांहून फार अधिक असते. याच वंशातील एका अटलांटिक जातीवर लेस्टर ॲरन्सन यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेले काम जागेच्या प्रश्नावर वेगळा प्रकाश टाकते. डिवचला असता हा मासा आपल्या डबक्यातून न दिसणाऱ्या शेजारच्या डबक्यात अचूक उडी घेतो, कारण भरतीच्या वेळी त्या खडकांवरून पोहताना त्यांची रचना त्याने ध्यानात ठेवलेली असते. बादलीभर पाण्यात सहा तास सुखाने काढणाऱ्या माशालाही त्या बादलीपलीकडचा प्रदेश माहीत असतो.

पाण्याच्या रसायनाला इतक्या सहजी न डगमगणारा हा मासा घेतला, तर घनफळाचा परिणाम जागेच्या परिणामापासून वेगळा काढणे सुलभ होते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ सालापासून संरक्षित आहे. ते वगळून अन्यत्र, योग्य त्या परवानगीने, नमुने गोळा करता येतील. सारख्याच १०८ लिटरच्या तीन टाक्या घ्याव्यात: एक १२० सेंमी. लांब, ३० सेंमी. रुंद व ३० सेंमी. खोल, दुसरी ६० सेंमी. लांब, ३० सेंमी. रुंद व ६० सेंमी. खोल; आणि तिसरी पहिलीसारखीच, पण आडोशांनी तीन कप्प्यांत विभागलेली. गाळणी, तापमान व अन्न सारखे ठेवून, बाष्पीभवनाची तूट रोज गोड्या पाण्याने भरून काढावी. कल्ल्यांच्या हालचालींचा वेग, पाठलागांची संख्या, आडोशात घालविलेला वेळ आणि काचेला लागून येरझारा घालण्याचे प्रमाण ही निरीक्षणे माशाला हात न लावता करता येतात. ताणाच्या वेळी रक्तात वाढणारे कॉर्टिसॉल कल्ल्यांवाटे पाण्यातही उतरते, त्यामुळे तेही पाण्याच्या नमुन्यावरून मोजता येते. ॲरन्सन यांच्या निरीक्षणाची आठवण ठेवून तिन्ही टाक्यांवर बारीक जाळी घट्ट बसविणे मात्र पहिल्या दिवसापासून आवश्यक आहे.